मेबोंगवरचं गवत

आमच्या सोलगोल गावात माणूस वयानं मोठा होत नाही, पिढीनं होतो. गावातली जवळजवळ सगळी घरं प्यो आडनावाची, एकाच मूळपुरुषाची. त्यामुळे कोण कुणाचा काका आणि कोण कुणाचा नातू, हे माणूस जन्मायच्या आधीच ठरलेलं असतं. माझे आजोबा शेंडेफळ, वडील शेंडेफळ आणि मीही शेंडेफळ. अशा घरात वय मागे रेंगाळतं आणि पिढी पुढे पळते. मी शाळेत होतो तेव्हा मिशा फुटलेली माणसं मला काका म्हणायची आणि मी लाजून दप्तरात तोंड खुपसायचो.

पुढे मी जिल्ह्याच्या शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झालो आणि पुस्तकांची खोकी घेऊन गावी परतलो. कोपऱ्यात बसून वाचावं, कुणाच्या अध्यात नसावं, इतकीच इच्छा होती. पण माझ्या पिढीची माणसं एकेक करून गेली. गेल्या हिवाळ्यात योंग-दाल दादांना माती देऊन डोंगर उतरत होतो, तेव्हा सरपंच मान-सॉक म्हणाला, "काका, आता तुमच्या वर कुणी उरलं नाही. घराण्याचे वडीलधारे तुम्हीच."

"मी? अरे, मला चारचौघांत पाणी मागायचंसुद्धा धाडस होत नाही."

"मग तहानलेले राहा," मागून गालचॉनकरीण म्हणाली. "पण मानाची जागा तुमची."

गालचॉनकरीण म्हणजे थोरल्या घराची थोरली सून. आमच्याकडे सुनेला नावानं हाक मारत नाहीत, माहेरच्या गावावरून ओळखतात. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. पण तिचा नवरा माझा पुतण्या लागायचा, म्हणून ती मला काका म्हणते. तिच्या त्या 'काका'त जेवढा मान असतो तेवढाच दम असतो.

मानाची जागा मला मिळाली आणि लगेच वसंतात डोंगराचं प्रकरण सुरू झालं.

मेबोंग हा आमचा डोंगर. फार उंच नाही. माथ्यावर पाइनची राई, तिच्या पुढ्यात थडग्यांचे गोल हिरवे उंचवटे आणि पायथ्याशी जिनसेंगच्या औषधी मुळ्यांच्या वाफ्यांवरची काळी छपरं. हा डोंगर सरकारला हवा आहे असं कळलं. खरं तर सरकारलाही नको होता, सरकारच्या दोस्ताला हवा होता. समुद्रापलीकडच्या त्या बड्या दोस्ताला माथ्यावर रडार बसवायचं होतं. रडारचा पहिला खांब उभा राहायच्या आत पश्चिमेच्या बड्या शेजाऱ्याचं डोकं फिरलं. रडारचा एक डोळा उत्तरेवर, म्हणजे आमच्याच देशाच्या तुटून वैरी झालेल्या अर्ध्या भागावर, असेल तर दुसरा आपल्या परसात असणार, असं त्याचं म्हणणं. त्यानं आमचा जिनसेंग घेणं बंद केलं. सहा-सहा वर्षं लेकरासारख्या जपलेल्या मुळ्या गोदामात पडून राहिल्या.

गावच्या हॉलमध्ये रोज चर्चा व्हायची. म्हणजे तोंडानं चर्चा आणि हातानं पत्ते.

"दोस्त आहे म्हणे," एक जण पान टाकत म्हणायचा. "मागच्या वर्षी म्हणाला, तुमच्या राखणीचा सगळा खर्च तुम्हीच द्या. यंदा म्हणतो, डोंगरही द्या."

"आणि पुढच्या वर्षी उत्तरेच्या गळ्यात गळा घालून फोटो काढेल," दुसरा म्हणायचा. "आपण बसू फोटो बघत."

"पण उत्तरेकडून खरंच काही आलं तर?" मान-सॉक विचारायचा. तो काही भित्रा माणूस नाही. त्याचा मुलगा सीमेवर नोकरीला होता. "तेव्हा काय काकांची पुस्तकं आडवी धरायची?"

यावर सगळे हसायचे. मीही हसायचो, पण प्रश्न खरा होता. मग कुणीतरी हटकून ती म्हण काढायचं, की देवमाशांच्या झुंजीत कोळंबीची पाठ फुटते. ही म्हण ऐकून ऐकून माझे कान किटले होते. लहानपणापासून जो तो आम्हाला कोळंबी म्हणत आला.

"कोळंबीच्या डोक्यावर काटा असतो," गालचॉनकरीण एकदा स्वयंपाकघरातून ओरडली. "गिळणाऱ्याला म्हणावं, जरा जपून!"

कायद्यानं डोंगर घेता येतो हे आम्हाला कळत होतं. पण घराण्यानं हो म्हटल्याशिवाय थडग्याला कुदळ लावायला आमच्या भागात मजूर मिळत नाही. मिळालाच तर दुसऱ्या दिवशी ती कुदळ सगळा देश टीव्हीवर बघतो. म्हणून सरकारला आमचा 'हो' हवा होता. आणि घराण्याच्या वतीनं हो किंवा नाही म्हणायचं ते वडीलधाऱ्यानं. एकदा म्हटलं की म्हटलं. मग मागे फिरणं नाही.

ते हो-नाही माझ्या गळ्यात येऊन पडलं. मला झोप लागेना. 'नाही' म्हणावं तर उद्या खरंच काही घडलं की लोक म्हणतील, त्या पुस्तकी म्हाताऱ्यानं घात केला. 'हो' म्हणावं तर डोंगरावर झोपलेल्यांना तोंड कसं दाखवायचं?

मेबोंगवर राईच्या अगदी पुढ्यात दोन थडगी आहेत, दोन सख्ख्या भावांची. चारेकशे वर्षांपूर्वी उत्तरेच्या मांचूंनी स्वारी केली आणि आमच्या राजाला किल्ल्यातून खाली येऊन त्यांच्या बादशहापुढे कपाळ टेकवावं लागलं, त्या काळातले हे दोघे. थोरले आजोबा म्हणाले, मी जुन्या दोस्ताला, मांचूंच्या वैऱ्याला, दिलेला शब्द मोडणार नाही आणि नव्या धन्यापुढे वाकणार नाही. त्यांनी अन्न सोडलं आणि देह ठेवला. धाकटे आजोबा राजाचे वकील होऊन उत्तरेला मांचूंच्या राजधानीत गेले, तिथं वाकले आणि पकडून नेलेल्या आपल्या माणसांपैकी तीनशे परत घेऊन आले. थोरल्यांच्या थडग्यापुढे कोरीव दगड आहे. धाकट्यांच्या थडग्यापुढे काहीच नाही. मरताना दोघांचा अबोला होता असं सांगतात. धाकट्यांच्या वंशजांना गावानं इतकं टोचलं की काही पिढ्यांनी ती शाखा गाव सोडून राजधानीला, सोलला गेली.

छुसॉकच्या सुगीच्या सणाआधी थडग्यांवरचं गवत कापायचा आमचा दिवस असतो. शहरांत गेलेली सगळी पोरं त्या दिवशी येतात, आणि जो आला नाही त्याचं नाव वर्षभर निघतं. यंदा सरकारनं त्याच दिवशी आपला माणूस पाठवायचं ठरवलं. सगळे एका जागी सापडतील, हा हिशेब. माणूसही विचार करून निवडला. परराष्ट्र खात्यातला मोठा अधिकारी, वाटाघाटींत मुरलेला आणि मुख्य म्हणजे प्यो. त्याच धाकट्या शाखेतला. रक्ताचा माणूस बोलला की गाव विरघळेल, असं सोलमध्ये कुणालातरी वाटलं.

चूक तिथंच झाली. त्याची पिढी कोणती, हे कुणी विचारलंच नाही.

सकाळी आम्ही पायथ्याशी विळ्यांना धार लावत होतो. बाकी थडग्यांवर आता यंत्रं चालतात, पण त्या दोन भावांवर विळाच चालवायचा, असा गालचॉनकरणीचा दंडक आहे. इतक्यात एक काळी गाडी आली. तीतून करड्या सुटातला, पांढऱ्या केसांचा रुबाबदार माणूस उतरला. त्याच्यामागून दोस्ताच्या सैन्यातला एक उंच मेजर. मेजर चांगला माणूस दिसत होता. गवतात पाय टाकायच्या आधी खाली बघत होता. मागे मोजणीवाले आले तेव्हा त्यांनी बरोब्बर गांधीलमाश्यांच्या बिळावर खुंटी ठोकली होती. बीळ तिथं आहे हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

सुटातल्या माणसानं घसा साफ केला. "ग्रामस्थहो," त्यानं सुरुवात केली.

"कोण रे तू?" गालचॉनकरीण म्हणाली.

"मी परराष्ट्र खात्याचा..."

"खातं नाही विचारलं. कुणाचा तू?"

तो थबकला. "प्यो जे-हान. धाकट्या शाखेतला. वडील प्यो ग्यू-सॉप."

गालचॉनकरणीनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि तिचा चेहरा उजळला. अशी ती फक्त पत्त्यांत जिंकल्यावर हसते.

"ग्यू-सॉपचा! म्हणजे मी तुझी काकू. हा सरपंच तुझा काका. आणि हे," तिनं मला दंडाला धरून पुढे ढकललं, "हे तुझे आजोबा. अजून उभा काय राहिलास?"

जे-हाननं माझ्याकडे बघितलं. त्याचं वय साठीला आलेलं, माझं त्याच्याहून फार तर पंधरा-सोळा वर्षं जास्त. माझ्या पायांत झिजलेले रबरी बूट, हातात विळा. मला वाटलं, आपणच म्हणावं, जाऊ दे बाबा, कपडे मळतील. पण शब्द फुटायच्या आत तो खाली बसला. गुडघे ओल्या मातीत, दोन्ही तळहात जमिनीवर, कपाळ हातांवर. पूर्ण, रीतसर नमस्कार. कुणीतरी त्याला घरी नीट शिकवलं होतं.

"आजोबा, बरे आहात ना?"

"बरा आहे," मी म्हणालो. मी विळा पाठीमागे लपवला. "प्रवास सुखाचा झाला?"

मेजर अवाक होऊन बघत होता. वाटाघाटीला आणलेला आपला माणूस गाडीतून उतरल्या उतरल्या चिखलात लोटांगण घालतो, हे त्यानं कुठल्याही टेबलावर पाहिलं नसावं.

"कोट काढ," गालचॉनकरीण म्हणाली. "विळा घे. बोलायचं ते वर बोलू. रिकाम्या हातानं वर कुणी जात नाही."

तो चढला, आणि गवतही त्यानं कापलं. सुरुवातीला विळा असा धरला की मान-सॉक म्हणाला, "अहो साहेब, गवत कापायचंय, सही करायची नाही!" मग घाम आला, शर्ट पाठीला चिकटला आणि हात सरावला. काम संपलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आम्ही थडग्यांपुढे चटया टाकल्या. गालचॉनकरणीनं डबे उघडले. पाइनच्या सुयांवर वाफवलेल्या सोंगप्यॉनचा, तांदळाच्या करंज्यांचा, वास सुटला. तिनं पहिला तुकडा मोडला आणि "गोसुरे!" म्हणत मोजणीवाल्यांच्या खुंटीकडे भिरकावला. जेवायच्या आधी जागेच्या भुतांना घास टाकतात, तो हा. "घे बाई, तूही परकी, उपाशी असशील," ती खुंटीला म्हणाली.

मग जे-हान माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि बोलला. आवाज खालचा, नजर जमिनीकडे. वडीलधाऱ्यासमोर दुसरं काही चालत नाही. पण माणूस हुशार होता.

"आजोबा, तुम्ही इतिहासाचे मास्तर. तुम्हाला मी काय सांगणार? आपल्याला कायम दोन मोठ्यांच्या मध्येच राहावं लागलं. आज एक मोठा उतरतोय की दुसरा चढतोय, हे कुणालाच कळत नाही. अशा वेळी एकाचा हात सुटला तर दुसरा धरायला वेळ मिळत नाही. उत्तरेकडे काय चाललंय ते तुम्ही वाचताच."

"वाचतो," मी म्हणालो.

"थोरले आजोबा वाकले नाहीत. त्यांचं नाव राहिलं." त्यानं हात पुढे केला, त्या बिनदगडाच्या उंचवट्याकडे. "माझे आजोबा वाकले. माणसं परत आली. गावानं त्यांना दगडसुद्धा दिला नाही. पण गावातली निम्मी घरं त्या परत आलेल्या माणसांचीच असतील. कुणीतरी वाकावं लागतं, आजोबा. मी आज वाकायला आलोय. तुम्ही फक्त हो म्हणा."

गालचॉनकरणीनं हातातला डबा खाली ठेवला. त्यानं सांगितलं ते खरं होतं आणि गावात ते असं उघड कुणी बोलत नसे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं तोंड कोरडं पडलं. मला खरोखर पाणी हवं होतं आणि खरोखर मागवेना.

"जे-हान," शेवटी मी म्हणालो. "तुझं बरोबर आहे. त्यांना दगड मिळायला हवा होता."

त्यानं मान वर केली.

"पण मला एक सांग. ते वाकले आणि काय घेऊन आले?"

"माणसं. तीनशे."

"तू काय घेऊन येणार?"

"दोस्ताचं संरक्षण, आजोबा."

"ते तर आहेच म्हणता ना तुम्ही? इतकी वर्षं आहे. त्याचीच किंमत दर वर्षी नव्यानं मागतात. मी नवं काय ते विचारतोय. वर कुंपण पडेल, त्याच्या फाटकाची किल्ली कुणाकडे राहणार?"

त्यानं मान पुन्हा खाली घातली. "त्यांच्याकडे."

"छुसॉकला आम्ही गवत कापायला यायचं तर?"

"थडगी हलवल्यावर... नव्या जागी..."

"उद्या त्यांनी उत्तरेशी समझोता केला, तर हे रडार कुणाकडे तोंड करून बसेल ते कोण ठरवणार?"

"ते."

"आणि शेजारी जिनसेंग परत घेईल?"

"नाही, आजोबा."

"मग पोरा, तू वाकतोयस आणि तुझे हात रिकामेच राहणार आहेत." मला माझाच आवाज अनोळखी वाटत होता. थांबावं असं वाटत होतं, पण थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही याची भीती जास्त होती. "धाकटे आजोबा मोकळ्या हातानं उठले नाहीत. त्यांचं नाव या कामाला लावू नकोस. आणि त्यांना तीनशे माणसं का मिळाली असतील? मांचूंना दया आली म्हणून? मला नाही वाटत. त्यांनी थोरल्या आजोबांसारखी माणसं पाहिली होती. ज्या देशात असं न वाकणारं कुणी असतं, त्या देशाच्या वाकणाऱ्या माणसाशी सौदा करावा लागतो. त्याला नुसते हुकूम सोडून भागत नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही. माझं आपलं मत आहे, चुकीचंही असेल."

"चुकीचं नाही," मान-सॉक हळूच म्हणाला. त्याचा मुलगा सीमेवर होता, म्हणून त्याचं बोलणं मला फार मोलाचं वाटलं.

"राखण नको असं मी म्हणत नाही," मी म्हणालो. "धोका आहे. पण आमच्या डोंगरावर डोळा बसवायचा तर तो आमचा असू दे, किल्ली आमच्या पोरांकडे असू दे, आणि या दोघांना न हलवता बसू दे. असं काही घेऊन आलास तर मी स्वतः तुझ्यासाठी वाट साफ करून ठेवीन. आज तू जे मागतोयस त्याला माझं उत्तर 'नाही' आहे. घराण्याचं उत्तर 'नाही' आहे."

शब्द तोंडातून गेले आणि मी कुणाला न विचारता शेजारची पाण्याची बाटली उचलून तोंडाला लावली.

मेजरनं जे-हानला काहीतरी विचारलं. त्यांची भाषा मला बोलता येत नाही, पण वाचून वाचून कळते.

"काय म्हणाले ते?"

"नाही म्हणाले."

"कोण आहेत ते? कुठल्या पदावर?"

"माझे आजोबा आहेत."

मेजरनं माझे पांढरे केस बघितले, जे-हानचेही तितकेच पांढरे केस बघितले. "मग त्यांचं म्हणणं डावलता येत नाही?"

"मला?" जे-हान म्हणाला. "त्यांनी उठ म्हटल्याशिवाय मला गुडघ्यांवरून उठतासुद्धा येत नाही."

तेव्हा मला आठवलं, की मी त्याला अजून उठ म्हटलेलंच नाही. मी इतका ओशाळलो! "उठ रे बाबा, उठ," मी घाईनं म्हणालो, आणि सगळे खो-खो हसले. तोही हसला.

पूजेचा प्रसाद आणि दारू तिथं असलेल्या प्रत्येकानं घ्यायची, ही रीत. मेजरलाही वाडगा मिळाला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, हे सगळ्यांच्या नजरेत भरलं. "याला कुणीतरी वळण लावलंय," गालचॉनकरीण म्हणाली. "डोंगर नाही मिळाला तरी जेवायला ये म्हणावं." मग तिनं माक्कॉल्लीची, तांदळाच्या दारूची, किटली उचलली आणि थोरल्यांच्या दगडाकडे जायच्या ऐवजी ती जे-हानच्या हातात दिली. "जा. आधी तुझ्या आजोबांना घाल. आज त्यांचा पहिला मान."

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. बिनदगडाच्या त्या उंचवट्यावर त्यानं दोन्ही हातांनी किटली धरून दारू ओतली.

उतरताना तो माझ्या शेजारून चालत होता. पुढचे लोक लांब गेल्यावर म्हणाला, "आजोबा, वरिष्ठ माझी चामडी सोलतील."

"मला वाईट वाटतं."

"वाटून घेऊ नका. आजवर प्रत्येक बैठकीत समोरचे विचारायचे, तुमच्या लोकांना चालेल ना? आणि आम्ही म्हणायचो, चालेल. परवाच्या बैठकीत पहिल्यांदा सांगता येईल, नाही चालत." त्यानं बाहीवरची गवताची काडी झटकली. "पण ते कायद्यानं घ्यायचा प्रयत्न करतील. हे लक्षात ठेवा."

"घेऊ देत," मी म्हणालो. "आमच्या हातानं मिळणार नाही."

गाडीत बसायच्या आधी त्यानं पुन्हा मातीत गुडघे टेकले. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

याला आता दोन महिने झाले. सरकारची नोटीस पायथ्याच्या फाट्यावर लागली आहे. कुंपणाचे खांबही येऊन पडले आहेत. बैठकीत काय झालं ते आम्हाला कळलेलं नाही. जे-हाननं फक्त एक फोन केला, दगड कुठल्या खाणीचा चांगला ते विचारायला. खांब उभे करायला माणसं येतात तेव्हा थडग्यांवर कुणी ना कुणी गवत कापत असतं. गवत कापणाऱ्याला तिथून उठवायचं कसं, हे त्यांच्या कागदात लिहिलेलं नसावं. ती बिचारी थोडा वेळ बघतात, सिगरेट ओढतात आणि परत जातात. गालचॉनकरणीनं घरोघर पाळ्या लावून दिल्या आहेत. खरं म्हणजे थंडी पडली, आता गवत वाढतच नाही. दोन्ही उंचवटे न्हाव्याकडून आल्यासारखे दिसतात. तरी आम्ही जातो.

काल मी तिला म्हणालो, "अगं, कापायला काही उरलंच नाही."

"मग नुसता विळा घेऊन बसा, काका," ती म्हणाली. "आणि बरोबर एखादं पुस्तक न्या."

आज माझी पाळी आहे. विळ्याला धार लावून झाली. पुस्तक कोणतं न्यावं, तेवढं ठरत नाही.